पाणी न मिळालं तर

"ही म्हैस मशिदीत कोणी आणली?" कमरुद्दीन खोतांनी विचारलं.

म्हैस मशिदीत नव्हती. आवाराच्या दाराबाहेर दगडी गडग्याला अंग टेकून उभी होती. पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं आणि मान खाली गेलेली. तिच्या दाव्याचं टोक रुकय्याबीच्या मुठीत होतं.

"आणली नाय, आपणच आली," रुकय्याबी म्हणाली. "पाण्याचा वास लागला तिला. मी दाव्याला लोंबकळत मागनं आली."

मी ओसरीवर मुलांना सबक देत होतो. मुलं हसली. खोतभाई हसले नाहीत. त्यांनी हौदाच्या दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि चावी सदऱ्याच्या खिशात टाकली.

"रुकय्या, तिला घेऊन जा."

"एक घमेलंभर द्या, खोतभाई. तिच्या पोटात जीव हाय."

"हे पाणी वुजूचं. म्हशीचं नाही."

"मग म्हशीचं पाणी कुठलं ते तरी सांगा. तिथं नेते."

ते आत निघून गेले. रुकय्याबी दावं ओढून निघाली. म्हैस हलायला तयार नव्हती. शेवटी मागच्या बाकावरची दोन मुलं उठली आणि तिला ढकलत उतारापर्यंत सोडून आली. मी त्यांना अडवलं नाही.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. मी तेव्हा खाडीकाठच्या त्या गावात इमामत करत होतो आणि मुलांना शिकवत होतो. गाव लहान होतं. पावसाळा सरल्यावर विहिरींना भरपूर पाणी असे, पण उन्हाळ्यात खाडीचं खारं पाणी आतून सरकत येई आणि एकेक विहीर मचूळ होई. त्या वर्षी सगळ्याच झाल्या. पिण्यासाठी बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून हंडा आणत. पहाटे निघालेली बाई ऊन चढल्यावर परत येई. असल्या चढावर गाभण म्हशीला नेता येत नव्हतं. विहिरीचं मचूळ पाणी पिऊन तिला हगवण लागली होती आणि चारा तिनं सोडला होता. रुकय्याबीला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या म्हशीच्या दुधावर तिची चूल पेटत होती.

गोडं पाणी एकाच ठिकाणी उरलं होतं, मशिदीच्या हौदात. हौद खोतभाईंच्या पणजोबांनी बांधून वक्फ केला होता, म्हणजे अल्लाहच्या नावावर कायमचा सोडून दिला होता. दाराच्या चौकटीवर त्यांनी कोरून घेतलं होतं की हे पाणी नमाजींच्या वुजूसाठी, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी आहे. हौदाची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या खोतांच्या घरात आली होती. खोतभाई मुतवल्ली, म्हणजे वक्फचे राखणदार होते आणि वयानं सत्तरीच्या पुढे. मुलगा मुंबईला गोदीत, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. घरात ते एकटेच. मशिदीत झाडू मारायलाही ते कुणाला देत नसत.

त्यांच्या कुलपाला कारण होतं, ते सांगायला हवं. आम्ही कोकणातले लोक शाफई मजहबाचे, म्हणजे शाफई पंथाचे. आमच्यात साठलेल्या पाण्याला एक माप आहे. तेवढं पाणी असेल तर थोडी घाण पडली तरी ते पाक, शुद्ध राहतं. त्याखाली गेलं की कावळ्याची शीट पडली तरी सगळा हौद बाद. खोतभाईंच्या आजोबांनी त्या मापाची रेघ हौदाच्या भिंतीवर मारून ठेवली होती. पाणी त्या रेघेच्या जेमतेम वर होतं. म्हैस म्हणजे घमेल्याचा प्रश्न नव्हता. ती रोज प्यायली असती आणि रेघ उघडी पडली असती.

सबक परत सुरू केला, पण मुलांचं लक्ष उडालं होतं.

"उस्ताद," नफिसा म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात चौकस मुलगी. "म्हैस नमाज पढत नाय ना?"

"नाही."

"मग तिला वुजूचं पाणी कशाला?"

"प्यायला."

"पण ते तर वुजूचं हाय."

"बरं. शाळेची घंटा कशासाठी असते?"

"शाळा सुटायला," सगळी एकदम म्हणाली.

"आणि शाळेला आग लागली, तर घंटा वाजवून लोकांना बोलावशील, की म्हणशील ही घंटा शाळा सुटायची आहे?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "घंटा वाजवीन. शाळापण सुटेल."

त्या उत्तरावर मी त्यांना सोडून दिलं.

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर जमात बसली. जमात म्हणजे पंधरा-वीस माणसं, निम्मी खाडीवरनं आलेली, अंगाला मासळीचा वास. रुकय्याबी ओसरीच्या पायरीखाली उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"उस्तादांना विचारा," ती म्हणाली. "ते सांगतील ते मला कबूल. नाय म्हणाले तर म्हैस कसायाला देते. पोटातल्या जिवासकट."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी थकलो होतो. उन्हानं नव्हे. गेले काही दिवस मला कळत होतं की हा प्रश्न माझ्यापर्यंत येणार, आणि उत्तर काय द्यायचं तेही मला ठाऊक होतं. ते खोतभाईंच्या तोंडावर द्यायचं होतं, याचा तो थकवा होता. त्या गावात मला घर मिळवून देणारा माणूस तो होता.

"पाणी म्हशीला द्यावं," मी म्हणालो. "आपण तयम्मुम करू."

तयम्मुम म्हणजे पाण्याऐवजी स्वच्छ मातीवर हात मारून तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे. आजाऱ्याला, प्रवाशाला ती सवलत आहे. पण आमच्या गावात ते कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

खोतभाई शांतपणे म्हणाले, "उस्ताद, तुम्ही शिकलेले. मी चार यत्ता. पण कुराणातली आयत मलाही पाठ आहे. पाणी न मिळालं तर माती घ्या, असं आहे. न मिळालं तर. इथं पाणी मिळालंय. कुलूप लावून ठेवण्याएवढं मिळालंय."

"आपल्याकडे पाहुणा येतो," मी म्हणालो. "घरात शेरभर तांदूळ आहे, पण तो पोरांच्या रात्रीच्या जेवणाचा. पाहुणा विचारतो, तांदूळ आहे का? आपण काय म्हणतो?"

"नाय म्हणतो," दाऊद मापारी म्हणाला. तो होडीवाला. "माझ्या घरी तर असला तरी नाय म्हणतो."

"तुझं सोड. बाकीचे खोटं बोलतात का?"

दोघा-तिघांनी माना हलवल्या.

"खोटं नाही. तांदूळ आहे, पण आपल्याला मिळालेला नाही. त्यावर दुसऱ्याच्या भुकेचा हक्क आहे. ज्या पाण्यावर तहानलेल्या जिवाचा हक्क आहे, ते मला मिळालेलं नाही. हे मी नाही काढलेलं, खोतभाई. आपल्याच मजहबाच्या जुन्या विद्वान आलिमांनी आयत अशी लावली आहे. माणसाचीच नाही, जनावराची तहानही त्यांनी धरली आहे. जे जनावर लोकांना अपाय करत नाही, ते कुठलंही."

"म्हणजे दाऊदला नाय मिळायचं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी नमाजी हाय," दाऊद म्हणाला. "मला म्हशीच्या आधी."

हसणं थांबेपर्यंत खोतभाई वाट बघत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात वर केला आणि बोटं पसरली.

"तुम्हीच शिकवता ना पोरांना? शरियत पाच गोष्टी राखायला आली. अंगठा म्हणजे दीन, आपला धर्म. मग जीव, मग अक्कल, मग वंश. करंगळी म्हणजे माल. ओसरीवर बसून ऐकतो मी रोज. म्हैस म्हणजे काय? माल. रुकय्याचा माल. करंगळी वाचवायला अंगठा तोडायचा?"

मला मनातून त्यांचं कौतुक वाटलं. इतकी वर्षं शिकवून एकाही मुलानं मला तो प्रश्न केला नव्हता.

"अंगठा कोण तोडतंय?" मी म्हणालो. "नमाज सोडा असं मी म्हटलं असतं तर तोडणं झालं असतं. नमाज होणार. वेळेवर, जमातीनं. अंगठा धुवायचा तो पुसायचा, एवढंच. आणि ती आयत पुढेही आहे, खोतभाई. तुम्हाला अडचणीत टाकायचं अल्लाहच्या मनात नाही, असं तिच्यातच सांगितलं आहे. माती घ्या म्हटल्यावर लगेच."

"आणि चौकटीवर लिहिलंय त्याचं काय?"

"तुमच्या पणजोबांनी हौद कशासाठी बांधला? अल्लाहकडून पुण्य, सवाब मिळावा म्हणून. दारात जनावर तहानेनं मेलं आणि आत पाणी राहिलं, तर त्यांना कुठला सवाब पोचणार?"

खोतभाईंनी चौकटीकडे पाहिलं. त्यांच्या छातीत दमा होता आणि गप्प बसले की तो ऐकू येई. मग उठले, खिशातून चावी काढली आणि पायरी उतरून रुकय्याबीच्या पुढे धरली.

"घे. मुतवल्ली म्हणून देतो. उस्तादांचा हुकूम म्हणून देतो. कयामतच्या दिवशी जबाब त्यांनी द्यायचा."

"देईन," मी म्हणालो.

"पण माझी नमाज मी मातीवर पढणार नाही. आणि जो मातीवर पढवतो त्याच्या मागे उभा राहणार नाही. याचा राग मानू नका."

राग कशाचा मानणार. दुसऱ्या दिवसापासून मी अंगणातल्या लाल मातीवर हात मारले आणि लोकांनी माझ्या मागे नमाज पढली. थोडे कुरकुरले, नंतर सरावले. मुलांना तर तो खेळच झाला. एकमेकांच्या तोंडावरची धूळ दाखवून ती हसत होती, आणि मी त्यांना हातांवरची माती आधी झाडून टाकायला शिकवत होतो. म्हशीनं दोन दिवसांत मान वर केली. तिसऱ्या दिवशी चारा खाल्ला. रुकय्याबी तिच्यापाशी बसून तिला खोतभाईंचा सगळा वंश सांगत असे, असं बायका म्हणत.

खोतभाई मात्र रोज पहाटे, फजरच्या नमाजेआधी, पितळी कळशी घेऊन डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जायला लागले. तिथं वुजू करून फजर पढत, कळशी भरत आणि चढ चढून परत येत. त्या कळशीतलं पाणी दिवसभर वुजूला पुरवत. मशिदीत येत, पण माझ्या मागे उभे राहत नसत. जमात उठली की एका कोपऱ्यात आपली नमाज पढत. मी सलाम केला की सलामाला जवाब देत. त्याहून जास्त बोलणं नाही.

मी दाऊदला सांगून पाहिलं, त्यांची कळशी तू आणून दे. तो म्हणाला, "गेलो होतो, उस्ताद. म्हणाले, माझी इबादत तू उचलणार काय? मी म्हटलं, कळशी उचलतो, इबादत राहू दे तुमच्याकडं. दार लावून घेतलं."

मग एके दिवशी दुपारच्या जोहरला ते आले नाहीत. कोपरा रिकामाच राहिला. नमाज झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, पहाटे गेलेत ते आलेच नाहीत. मी तसाच डोंगराकडे निघालो.

मीही तेव्हा पन्नाशीचा होतो. चढावर सावली नाही. कातळ तापला होता आणि पायांखालचं गवत काडीसारखं मोडत होतं. अर्ध्या चढावर थांबावंसं वाटलं, पण थांबलो तर परत उठणार नाही अशी भीती वाटली. डोंगराचा माथा ओलांडल्यावर खाली एका काजूच्या झाडाखाली मला त्यांची पांढरी टोपी दिसली.

ते झाडाच्या बुंध्याला टेकून बसले होते. कळशी दोन्ही पायांमध्ये धरलेली, तिच्या तोंडावर ओला फडका. ओठ फुटले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं आणि नजर काढून घेतली.

"दम लागला," ते म्हणाले. "बसलोय. उठतो आता."

"केव्हापासून बसलाय?"

"ऊन इकडं नव्हतं तेव्हापासून."

मी शेजारी बसलो. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"पाणी प्या, खोतभाई."

"हे वुजूचं आहे."

"प्या."

"जोहर राहिली माझी. हे प्यायलो तर जोहर कशानं करू?"

बोलण्यासारखं सगळं मी जमातीत बोललो होतो. मुलांना शिकवताना मला एक गोष्ट कळली आहे. मूल एकच चूक पुन्हापुन्हा करत असेल तर त्याला धडा समजलेला नाही असं नसतं. दुसरं काहीतरी असतं. तेव्हा गप्प बसून त्याच्या जवळ राहावं.

मग खोतभाई म्हणाले, "उस्ताद, थंडीनं आजारी असलेल्या माणसालाही चालतं काय तयम्मुम?"

"कुणाला?"

"तापातल्या माणसाला. ज्याला पाणी सोसत नाही, त्याला."

"चालतं."

"पाणी जवळ असलं तरी?"

"असलं तरी."

त्यांनी कळशीच्या गळ्याभोवतीची बोटं घट्ट केली.

"बिल्किसला न्यूमोनिया होता," ते म्हणाले. बिल्किस म्हणजे त्यांची बायको. "डॉक्टर म्हणाला, गारठ्यापासून जपा. पौषाची थंडी. ती पाचही वेळा उठायची. मी हौदाचं पाणी आणून द्यायचो. बर्फासारखं. तिचे दात वाजायचे. एकदा म्हणाली, अहो, माती चालेल का? माझ्या आज्यानं केलेलं मी बघितलंय. मी म्हटलं, पाणी घरात असताना माती? अल्लाह काय म्हणेल? तिनं परत नाय विचारलं. शेवटच्या दिवशीपण पाण्यानंच केलं तिनं. मीच धरून बसवली होती."

वारा नव्हता. खाली झऱ्याकडून एक बाई हंडा घेऊन वर येत होती. आमच्याकडे बघून ती वाट सोडून लांबून गेली.

"तुम्ही त्या दिवशी जमातीत म्हणालात, आयत पुढेही आहे," खोतभाई म्हणाले. "मला ठाऊक होतं ती पुढे आहे. पाठ आहे मला. पण ती तशी लावली, तर..." ते थांबले. "म्हशीला चालतं, उस्ताद. म्हशीच्या तहानेला चालतं. मग तिला चाललं असतं?"

आता मला कळलं की ते रोज हा डोंगर का चढत होते.

पैगंबरांच्या काळची एक गोष्ट आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली आणि त्याला पाक होण्यासाठी अंघोळ करणं भाग पडलं. त्यानं सोबत्यांना विचारलं, मला सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी असताना सवलत कसली? त्यानं अंघोळ केली आणि तो मेला. पैगंबरांच्या कानावर गेलं तेव्हा ते फार रागावले. यांनीच त्याला मारलं, असं ते त्या सोबत्यांबद्दल म्हणाले, आणि ते शब्द मला जसेच्या तसे पाठ होते. मी ती गोष्ट मुलांना दरवर्षी सांगत आलो होतो. न कळणाऱ्यानं विचारावं, हे शिकवायला तिच्याहून चांगली गोष्ट माझ्याकडे नव्हती.

त्या झाडाखाली बसलो असता ती सगळी माझ्या जिभेवर आली. मी ती सांगितली नाही.

"चाललं असतं," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले.

"आणि तिनं पाण्यानं केलं, तेही चाललं," मी म्हणालो. "तिची एकही नमाज वाया गेली नाही. तुम्ही तिच्यासाठी वाईट चिंतलं नव्हतं. तुम्हाला जेवढं ठाऊक होतं तेवढं तुम्ही केलं. आता जास्त ठाऊक आहे."

"मग आता मी काय करू?"

"पाणी प्या."

"तेवढंच?"

"आत्ता तेवढंच. तहानेसाठी पाणी राखायला सांगणारा कायदा तुमचा जीव घ्यायला सांगत नाही. तो म्हशीसाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे."

त्यांनी कळशी उचलली. ती जड होती म्हणून मी बुडाला हात लावला. आधी एक घोट घेतला आणि थांबले, जणू कुणी ओरडेल. मग ते प्यायले. पाणी दाढीवरून, गळ्यावरून सदऱ्यात गेलं. मधेच त्यांना रडू आलं आणि ठसका लागला, तरी ते पीत राहिले. निम्मी कळशी संपल्यावर त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"घ्या. तुम्हीपण चढून आलायत."

मीही प्यायलो. पाणी कोमट झालं होतं.

उरलेलं पाणी त्यांनी परतीच्या तहानेसाठी बाजूला ठेवलं, फडका घालून, आपल्यापासून जरा लांब. मग झाडाखालचा पाचोळा हातानं सारला. खाली लाल, कोरडी माती होती. त्यांनी दोन्ही तळवे तिच्यावर टेकले.

"आधी तोंड?" त्यांनी विचारलं.

"आधी मनात निय्यत. मग तोंड."

त्यांनी मान हलवली. पण हात उचलले नाहीत. तळवे मातीवर तसेच राहिले, जसे कुणाच्या तरी कपाळावर ठेवलेले असावेत. मी घाई केली नाही. एखाद्या मुलाला अक्षर येत असतं पण उमटवायचा धीर होत नसतो, तेव्हा मी जसा थांबतो, तसा थांबलो.